नालोंगोने शिकवलेलं घड्याळ

नालोंगोचं कागदावरचं नाव पर्पेचुआ नालुबोवा. जुळ्या मुली झाल्यापासून त्या नावाने तिला फक्त बँकेत हाक मारतात. जुळ्यांची आई ती नालोंगो, आणि कंपालात ही हाक मानाची. बोडावाला, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने नेणारा, तिच्याशी भाव करताना जरा नमतो, भाजीवाली एक टोमॅटो जास्त टाकते. आमच्या ऑफिसातही धाकटी-थोरली सगळी तिला नालोंगोच म्हणतात.

ऑफिस न्तिंडाला, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या. गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी आम्ही एक प्रोग्राम चालवतो. बाळाला लस कधी द्यायची, आईने कुठे आणि किती वाजता यायचं, याचा निरोप आईच्या फोनवर जातो. बाकीचे लिहितात, मी तपासते. यादी घेऊन बसायचं, चालवून बघायचं, बरोबर आलं की खूण करायची. नऊ वर्षं मी हेच करते आहे.

तो प्रोग्राम नालोंगोने एकटीने उभा केलेला. तिचे वडील मसाकाकडे प्राथमिक शाळेत मास्तर होते, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायचे. त्यांनी तिला टायपिंग शिकायला कंपालात धाडलं. वांडेगेयाच्या एका इंटरनेटच्या दुकानात ती विद्यार्थ्यांचे निबंध टाइप करून द्यायची. एक जण कसल्याशा जाड छापील कागदांची चळत तिच्याकडे विसरून गेला. तो परत आला नाही आणि हिने त्याला शोधलं नाही. ते कागद रूबी नावाच्या संगणकी भाषेवरचे होते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती वाचत गेली, करून बघत गेली. कुठल्या कॉलेजात गेली नाही. हे ती कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे.

रूबीबद्दल मला जे कळलं ते असं. बऱ्याच संगणकी भाषा कडक हेडमास्तरांसारख्या असतात. अमुक गोष्ट अमुकच तऱ्हेने सांगायची, नाहीतर बाहेर उभं राहायचं. रूबी तशी नाही. एकच गोष्ट दहा तऱ्हेने सांगा, तिला चालते. इतकंच नाही, त्या भाषेत आधीपासून जे असतं, आकडे, तारखा, घड्याळ, तेसुद्धा उघडून त्यात आपलं काही घालता येतं. म्हणजे भाड्याच्या घरात राहायचं आणि भिंतसुद्धा हलवायची, आणि मालक म्हणणार, हलवा हो, तुमचंच घर.

नालोंगोने घड्याळ हलवलं होतं. इकडे दिवस उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन, नऊ म्हणजे तीन. दवाखान्याचे कागद इंग्रजी वेळेने असतात आणि खेड्यातली बाई सावाने चालते. सावा म्हणजे ही इथली मोजणी. नऊ वर्षांपूर्वी नालोंगोने रूबीचं घड्याळच उघडून त्याला सहा वजा करायला शिकवलं. आकडा शून्याखाली गेला तर बारा मिळवायचे. तेव्हापासून कागदावर नऊ लिहिलं की आईच्या फोनवर 'सावा तीन' जायचं. सगळी मिळून चार ओळींची करामत. तिने ती एका वेगळ्या फाइलीत ठेवली होती आणि त्या फाइलीला मुलींची नावं दिली होती.

यावरून तिचं आणि ओकिरोरचं रोज वाजायचं. ओकिरोर आमचा दुसरा लिहिणारा, पूर्वेकडच्या टेसोचा, उंच, शर्टाला कडक इस्त्री. त्याला हेडमास्तरी भाषाच आवडायच्या.

"घड्याळाला हात लावायला देते ती भाषा कसली?" तो म्हणायचा. "उद्या कुणी दोन आणि दोन पाच करून ठेवेल."

"करणाऱ्याला अक्कल हवी, सेबो," नालोंगो म्हणायची. सेबो म्हणजे इकडचं 'अहो साहेब'.

"अक्कल सगळ्यांना असती तर कायदे कशाला लागले असते?"

"तुला कायदे लागतात कारण तू शर्टसुद्धा पट्टी लावून खोचतोस."

"आणि तू लिहितेस ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही."

यावर नालोंगो हसायची. तिला ते दूषण वाटतच नव्हतं. नऊ वर्षं तिच्या लिखाणाला कुणी हात लावला नव्हता. काही अडलं की साहेब, सेबुन्या म्हणतात त्यांना, खुर्ची ओढून तिच्याजवळ येऊन बसायचे. तिच्या टेबलाशी ती जास्तीची खुर्ची कायम असे.

मार्चमध्ये केमिगिसा आली. फोर्ट पोर्टलची, सव्वीस वर्षांची. त्या बाजूच्या माणसांना जन्माच्या नावाखेरीज एक लाडाचं नाव असतं, आणि जवळच्या माणसाने त्याच नावाने हाक मारायची असते. तिचं अब्वोली. मी मूळची मराठी, मला पहिल्यांदा ऐकताना अबोलीची फुलं आठवली. पोरगी मात्र भलती बोलकी. आठवड्याच्या आत रंगाच्या दुकानातले लोकसुद्धा तिला अब्वोली म्हणायला लागले.

तीही रूबीवाली. नालोंगोला आधी बरं वाटलं, ओकिरोरविरुद्ध एक मत वाढलं म्हणून. पण अब्वोलीचं रूबीतलं लिखाण आणि नालोंगोचं यात फार फरक. नालोंगोचं दाट विणलेलं. अब्वोलीचं सुटसुटीत, प्रत्येक तुकड्यावर तो काय करतो ते लिहिलेलं. ओकिरोरने ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"अशी रूबी असेल तर मी भांडणार नाही बुवा."

मी नालोंगोकडे बघितलं. नऊ वर्षं ती या माणसाशी भांडत होती आणि हे वाक्य तिला एकदाही मिळालं नव्हतं.

त्या दिवसापासून ती बदलली. दुपारी आम्ही सगळे खालच्या खानावळीत मातोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण खायला जायचो. ती डबा आणायला लागली. अब्वोली काही बोलली की पडद्यात डोकं घालायची. एकदा साहेब अब्वोलीच्या मागे उभे राहून म्हणाले, "किती सोपं करून लिहिलंयस गं!" तेव्हा नालोंगो मला हळूच म्हणाली, "सोपं काम असलं की सोपंच लिहिलं जातं."

मग साहेबांनी एक दिवस सांगितलं की जुना प्रोग्राम आता फार मोठा झालाय. तो ठेवायचा की ओकिरोर म्हणतो तसा कडक भाषेत नव्याने लिहायचा, हे महिनाअखेर ठरेल. अब्वोलीने तो सगळा वाचावा आणि आपलं मत द्यावं.

"माझ्या प्रोग्रामबद्दल?" नालोंगोने विचारलं.

"तू तर चांगलंच म्हणणार, नालोंगो. त्रयस्थ नजर हवी."

ती जिन्यात माझ्याजवळ आली. "ती काय शोधून काढणार गं? माझ्या पोरी तिसरीत होत्या तेव्हापासून मी ते लिहितेय. ही तेव्हा गणवेशात असेल."

"तिने चांगलंच म्हटलं तर?"

"मग तर जास्तच." एवढं बोलून ती खाली गेली. मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नाही.

वाचता वाचता अब्वोली नवीन कामही करत होती. कायुंगा रस्त्यावरच्या एका छोट्या केंद्रात गोवराच्या लसीचा खास दिवस होता. गोवराची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून सगळ्या आयांना एकाच वेळी बोलवायचं. त्यासाठी एकगठ्ठा निरोप पाठवण्याचा भाग ती लिहीत होती. एका सकाळी ती नालोंगोच्या टेबलाशी गेली. मी शेजारीच बसते, सगळं ऐकलं.

"नालोंगो, वेळ सावात करायचं काम तुम्ही कुठे केलंय? मला निरोपाच्या भागात दिसत नाही."

"सगळं लिहिलेलं आहे."

"कुठल्या फाइलीत?"

"वाच ना. त्यासाठीच तर तुला बसवलंय."

"बरं, न्याबो," अब्वोली म्हणाली, म्हणजे 'बरं, बाई', आणि गेली. तिला ते सापडलं नाही. सापडणार कसं, ते दोन मुलींच्या नावाच्या फाइलीत होतं. तिने आपला भाग आपल्या मशीनवर वेगळा चालवून बघितला, वेळ इंग्रजीच आली. म्हणून तिने स्वतःच घड्याळ उघडलं आणि सहा वजा करायला शिकवलं.

मंगळवारी तिचा भाग जुन्या प्रोग्रामला जोडला आणि माझ्याकडे तपासायला आला. केंद्राच्या कागदावर सकाळचे नऊ होते. मी चालवलं, पडद्यावर नऊ आलं. कागदावर नऊ, पडद्यावर नऊ. मी खूण केली. इतकी वर्षं इथे राहून माझ्या डोक्यात आलं नाही की तिथे तीन यायला हवे होते. ती चूक माझी, आणि मी ती देवापुढे रोज कबूल करते.

नालोंगो तेव्हा माझ्या मागून पाणी घ्यायला चालली होती. पडद्याकडे बघून ती थांबली. ग्लास हातात, पण नळाकडे जाईना.

"नीट आहे ना?" मी विचारलं. "एकदा बघतेस का?"

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तुम्हा हुशार लोकांनी बघितलंय ना."

बुधवारी एकशे चाळीस आयांना निरोप गेले.

शुक्रवारी सकाळपासून केंद्रातल्या सिस्टर नाबुकेन्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून बसल्या. कुणी आलं नाही. दुपारी एक वाजता त्यांनी पेटी बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि बर्फ वितळायच्या आत बाटल्या मोठ्या दवाखान्यात पोचवायला बोडावर बसल्या. दुपारी तीनला, म्हणजे सावा नऊला, बाया यायला लागल्या. पाठीवर मुलं बांधून, काही दोन तास चालून आलेल्या. कुलपासमोर बसून राहिल्या. सिस्टरांचा फोन मीच घेतला. त्या ओरडल्या नाहीत. "तुमचं घड्याळ कुणी बिघडवलं?" एवढंच विचारलं.

अब्वोलीने दहा मिनिटांत शोधून काढलं. घड्याळाला दोघींनी शिकवलं होतं. नऊमधून एकीने सहा काढले, तीन झाले. दुसरीने त्या तिनातून पुन्हा सहा काढले आणि आकडा फिरून नऊवर आला. ती जागेवरच रडायला लागली. "मी विचारायला हवं होतं, नीट शोधायला हवं होतं." ओकिरोर दोन्ही हात वर करून म्हणाला, "नऊ वर्षं मी काय सांगत होतो?" साहेबांनी दार लावून घेतलं. नालोंगो आपल्या जागी बसून काहीतरी टाइप करत होती. काय करत होती देव जाणे, पडदा कोराच होता.

सिस्टरांनी शनिवारी पुन्हा दिवस ठेवला. आम्ही सगळ्यांनी मिळून फोन करून बायांना बोलावलं. शनिवारी सकाळी मी टॅक्सीच्या, म्हणजे इकडच्या छोट्या बसच्या, थांब्यावर गेले, कारण मला तिथे गेल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. तिथे नालोंगो उभी. आम्ही एकमेकींना काही विचारलं नाही. चौदा जणांच्या टॅक्सीत वीस जणांत बसून गेलो.

केंद्राबाहेर फणसाच्या सावलीत रांग होती. सगळ्या आल्या नव्हत्या. सिस्टरांनी यादी बघून सांगितलं, त्रेपन्न जणी कमी. काहींना मळ्यातून दुसऱ्यांदा सुटका मिळाली नसेल. आम्ही रांगेतल्या बायांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत होतो. एक बाई, विशीतलीच, नालोंगोसमोर आली आणि इथली रीत म्हणून गुडघे टेकून बसली. सिस्टरांनी तिला सांगितलं होतं की निरोपाचं यंत्र या बाईंनी केलंय.

"माफ करा, नालोंगो," ती म्हणाली. "काल मी चुकीच्या वेळी आले."

"तू कशाला माफी मागतेस?"

"मला नीट वाचता येत नाही. तुमच्या फोनने तीनच सांगितलं असणार, मीच नऊ वाचलं. याच्या मोठ्या भावाच्या वेळी, त्याच्या आधीच्या वेळी, तुमचा फोन कधी चुकला नाही."

नालोंगोने तिला हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "तू बरोबर वाचलंस. नऊच लिहिलं होतं."

"अगं बाई, मग बरं," ती बाई हसली. "माझा नवरा मला काल मूर्ख म्हणाला. त्याला सांगते."

परतीच्या वाटेवर नालोंगो खिडकीबाहेर बघत होती. मुकोनोच्या जरा अलीकडे ती अचानक म्हणाली, "मंगळवारी मला कळलं होतं."

"मला वाटलंच."

"तू का नाही बोललीस?"

"मला आज वाटलं. मंगळवारी मी मूर्खासारखी खूण करून बसले होते."

तिने खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "मला वाटलं, साहेब चालवून बघतील, निरोप जायच्या आधी पकडतील. तिची फजिती होईल, मग मला हाक मारतील. मी पाच मिनिटांत नीट करीन. एवढंच वाटलं गं." आणि थोड्या वेळाने, "तिने घड्याळच उघडलं. निरोपात केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. दहाजणी तसंच करतील. पण तिने घड्याळ उघडलं. माझ्यासारखं. मला ते सुचायला चार महिने लागले होते, तिला एक दुपार पुरली."

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बसवलं. अब्वोलीने आपली चूक कागदावर लिहून आणली होती, ती वाचायला लागली. साहेब म्हणाले की यापुढे तिने जुन्या प्रोग्रामला हात लावू नये, आणि प्रोग्राम ओकिरोरच्या भाषेत नव्याने लिहावा.

"ती विचारायला आली होती," नालोंगो म्हणाली.

"काय?"

"घड्याळाचं विचारायला आली होती. मी सांगितलं नाही. आणि मंगळवारी मी पडद्यावर नऊ बघितले. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

साहेबांना खरंच कळेना. "पण का, नालोंगो?"

"सगळे तिची वाहवा करतात म्हणून."

ओकिरोर शर्टाची बाही बघत राहिला. अब्वोलीने हातातला कागद घडी घालून ठेवला, आणखी घडी घातली, आणखी.

"कुलपासमोर बसलेल्या त्या बायांचं मी माझ्याच डोक्यावर घेतलं होतं," अब्वोली शेवटी म्हणाली. "मला रात्रभर वाटत होतं की मीच."

"हो."

"तुम्ही मला सांगितलं असतंत तर मी तुमचंच वापरलं असतं, न्याबो. मला दुसरं लिहायची हौस नव्हती." ती नालोंगो म्हणाली नाही. पुढचे कित्येक आठवडे म्हणाली नाही. नुसतं न्याबो, जसं बाजारात कुणाही बाईला म्हणतात.

साहेबांनी दोन दिवस विचार केला. नालोंगोला काढलं नाही. तिच्यावाचून प्रोग्राम कुणाला येतो? भाषाही बदलली नाही, तेवढे दिवसच हाताशी नव्हते. पण एक नियम केला, ओकिरोरने भिंतीवर डकवला: कुणीही लिहिलेलं दुसऱ्याने वाचून सही केल्याशिवाय आत जाणार नाही. नालोंगोचं अब्वोली वाचणार, अब्वोलीचं नालोंगो. तिच्या टेबलाजवळची जास्तीची खुर्ची साहेबांनीच उचलून अब्वोलीच्या टेबलापाशी नेली, कारण नालोंगोला आता तिथे जाऊन बसायचं होतं.

पहिलं काम घड्याळाचं. दोन शिकवण्या होत्या, एक काढायची होती. कुठली, ते नालोंगोने ठरवावं असं साहेब म्हणाले. ती तीन दिवस दोन्ही पुढे ठेवून बसली. कसकसल्या वेळा घालून बघायची. चौथ्या दिवशी सकाळी तिला एक सापडलं. दुपारी बाराला तिचं घड्याळ 'सावा सहा' म्हणायचं, बरोबर. पण सकाळी सहाला 'सावा शून्य' म्हणायचं. सावा शून्य असं काही नसतं, त्या वेळेला बारा म्हणतात. आणि तिचं घड्याळ बारा मिळवायचं ते फक्त शून्याखालच्या आकड्याला. सकाळी सहाला कुणी कुणाला लसीला बोलावत नाही, म्हणून नऊ वर्षांत ते कुणाला दिसलं नव्हतं. अब्वोलीचं घड्याळ बारा म्हणत होतं.

तिने ते अब्वोलीला दाखवलं. दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

"हं," अब्वोली म्हणाली. "पण तुमचं एका ओळीने नीट होईल, न्याबो. एक बरोबरीचं चिन्ह घालायचं, म्हणजे शून्यालाही बारा मिळतील."

"माहीत आहे."

"मग घालू या? तुमचंच राहू दे. जुनं आहे."

नालोंगोने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणेल. हो म्हणायला ती केव्हाचीच तयार होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नको," ती म्हणाली. "तुझं पहिल्यापासून बरोबर होतं." आणि तिने मुलींच्या नावाची ती फाइल पुसून टाकली. अब्वोलीने वाचून सही केली, आणि ते माझ्याकडे आलं.

या वेळी मी कागदावर आधी तीन लिहून घेतले. चालवलं. तीन आले. सहा घालून बघितले, बारा आले.

नालोंगो माझ्या मागे उभी होती. "तिच्यानं आले ना तीन?"

"आले."

"माझ्यानंही आलेच असते," ती म्हणाली, आणि डबा घेऊन खाली खानावळीत गेली. बाकीचे आधीच जाऊन बसले होते. मी खूण करून मागोमाग गेले तेव्हा ती अब्वोलीच्या समोरच्या बाकावर बसली होती. दोघी आपापल्या ताटात बघत जेवत होत्या.